घरांतील यंत्रें : स्वयंचलित मोटारीचें तांबडें तेल

मोटारीच्या तेलाची चौकशी आमच्या घरांतून होते ती बहुधा इंजिनापुरतीच. दहा हजार किलोमीटर होत आले कीं घरांतील एखादें वडील माणूस आठवण करितें, गाडी कारखान्यांत जाते, काळें झालेलें तेल जाऊन मधाच्या रंगाचें नवें तेल पडतें, आणि सर्वांस निश्चिंत वाटतें. परंतु ज्या गाडीस क्लचचें पेडल नाहीं व जिचे गिअर आपोआप बदलतात, तिच्या पोटांत आणखी एक तेल असतें, आणि त्याची विचारपूस करणारें घरांत सहसा कोणी नसतें. अशा गाड्या आतां नागपुरांत घरोघर दिसतात. सुनेला कार्यालयांत जावयाचें असतें, सासऱ्यांच्या गुडघ्यांना क्लच सोसवत नाहीं, मुलगा नुकताच गाडी चालविण्यास शिकलेला असतो. एकच गाडी तिघांस सोयीची पडावी म्हणून स्वयंचलित गाडी घेण्याकडे कुटुंबांचा कल असतो, आणि तो योग्यच आहे. मात्र हा गिअरबॉक्स बिघडला म्हणजे दुरुस्तीचा खर्च लाखाच्या भाषेंत सांगितला जातो, आणि तो बिघडण्यापूर्वीं बहुतेक प्रसंगीं त्याच्या तेलानें कांहीं ना कांहीं सुचविलेलें असतें. तें काय सुचवितें याचा विचार या वेळीं करूं.

साध्या गिअरबॉक्समध्यें तेलाचें काम दात्यांना वंगण देण्याचें. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्यें तें वंगण तर असतेंच, पण त्याहून पुष्कळ अधिक असतें. इंजिनाची शक्ति चाकांकडे जाते ती प्रथम या तेलांतून. एकमेकांकडे तोंड करून बसविलेले दोन पंखे कल्पावे. एक इंजिनाबरोबर फिरून तेल फेकतो, आणि त्या तेलाच्या मारानें दुसरा फिरतो. पुढें गिअर बदलावयाचा म्हणजे हेंच तेल बारीक बारीक मार्गांतून दाबानें पाठवून क्लचच्या तबकड्या आवळावयाच्या. तेथें उत्पन्न होणारी उष्णता वाहून नेणें हेंही त्याचेंच काम. आणि सर्वांत नाजूक गोष्ट अशी कीं, या तेलांत बुडालेल्या तबकड्यांनीं घसरावें, पण फार घसरूं नये. आणि धरावें, पण हिसका देऊन धरूं नये. हा तोल साधण्यासाठीं तेलांत निरनिराळीं द्रव्यें घालावीं लागतात. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९३९ सालीं 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स पुढें आणला, आणि १९४९ सालीं 'टाइप ए' या नांवानें अशा तेलाचें प्रमाण ठरवून दिलें. त्या काळच्या तेलांत घर्षण नेमकें राखण्यासाठीं स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत असत. १९७० च्या सुमारास देवमाशांच्या रक्षणासाठीं तेथें निर्बंध आले, तेव्हां रसायनज्ञांस त्याला पर्याय शोधावे लागले. सोंवळ्याओंवळ्याच्या घरांतील मंडळींस आतां त्याची चिंता नको. तांबडेपणा म्हणाल, तर तो नुसता घातलेला रंग होय. इंजिनाच्या तेलापासून हें तेल वेगळें ओळखूं यावें, आणि गाडीखालीं डाग पडला तर गळती कोठली तें समजावें, एवढाच त्याचा हेतु.

येथें एक घोटाळा आधींच दूर केला पाहिजे. आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एका नांवाखालीं चार निरनिराळीं यंत्रें विकलीं जातात. २०१४ सालीं मारुति सुझुकीच्या सेलेरिओबरोबर जो स्वस्त प्रकार मध्यमवर्गाच्या दारीं आला, त्यास एएमटी म्हणतात. त्यांत गिअरबॉक्स साधाच असतो; क्लच दाबण्याचें व गिअर पाडण्याचें काम तेवढें यंत्र करितें. त्यास साध्या गिअरबॉक्सचेंच तेल लागतें, आणि कांहीं गाड्यांत त्या यंत्राचें थोडेंसें वेगळें तेल निराळ्या लहान भांड्यांत असतें. दुसरा प्रकार सीव्हीटीचा. त्यांत पोलादी पट्टा दोन कप्प्यांवरून धांवतो. तो घसरूं नये यासाठीं त्याचें तेल अगदीं स्वतंत्र. तिसरा दोन क्लचांचा, आणि चौथा टॉर्क कन्व्हर्टरचा. हें तांबडें तेल मुळांत आहे तें या चौथ्याचें. सीव्हीटींत तें ओतणें म्हणजे ती हातानें मोडणें होय. "तेल सगळें एकच असतें, साहेब," असें म्हणणारा मिस्त्री कितीही जुना असला तरी त्याचें ऐकूं नये. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत तेलाचें जें नांव छापलेलें असेल, तेंच नांव डब्यावर स्वतः वाचावें, आणि डबा आपल्या समोर फोडवावा. पुढील विवेचन मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीस धरून आहे. पाण्याविषयीं जें सांगूं, त्यांतील सावधगिरी मात्र चारही प्रकारांस हवी.

या तेलाचा पहिला शत्रु उष्णता. चालत्या गाडींत तें साधारणपणें ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असतें, आणि त्यापुढें दर दहा-अकरा अंशांमागें त्याचें आयुष्य निम्म्यानें घटतें असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. नागपुरांत २३ मे २०१३ रोजीं ४७.९ अंश उष्णतामान नोंदलें गेलें. अशा हवेंत रेडिएटरनें तेल निववावें तरी किती! पुष्कळांस वाटतें कीं उन्हाळ्यांत समृद्धि महामार्गावरून लांबचा प्रवास करणें म्हणजे गिअरबॉक्सचे हाल. वस्तुतः सपाट रस्त्यावर एकसारख्या गतीनें जातांना कन्व्हर्टरमधील दोन्ही पंखे एका क्लचनें एकत्र जखडले जातात, घसरण थांबते, आणि तेल तुलनेनें थंड राहातें. सीताबर्डीच्या गर्दींत दुपारीं दोन पावलें पुढें जाऊन थांबत काढलेला अर्धा तास त्यास अधिक जाचतो. म्हणून 'आमची गाडी गांवांतल्या गांवांतच फिरते' ही तेल न बदलण्याची सबब होऊं शकत नाहीं. पुस्तिकेंत कठीण परिस्थितींत वापरल्या जाणाऱ्या गाडीसाठीं जो निराळा रकाना असतो, तो नागपूरकरांनीं आपल्यासाठींच छापला आहे असें समजावें.

हें तेल जन्मभर बदलावें लागत नाहीं, असें कित्येक विक्रेते सांगतात, व कांहीं पुस्तिकांतही तसें छापलेलें असतें. जन्म कोणाचा, तेलाचा कीं गाडीच्या हमीचा, हें त्यांत लिहिलेलें नसतें. जर्मनीची झेडएफ कंपनी अनेक मोटारकंपन्यांस गिअरबॉक्स पुरविते. गाडीच्या पुस्तिकेंत 'जन्मभर' असें असलें तरी ही कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांनीं किंवा आठ वर्षांनीं तेल बदलण्यास सांगते. ज्यानें यंत्र घडविलें त्याचें ऐकावें असें आमचें मत आहे. आणि नागपूरच्या हवेंत ६०,००० च्या पुढें वाट पाहूं नये हें बरें.

आतां तेल पाहावें कसें? ज्या गाडीस गिअरबॉक्सची निराळी डिपस्टिक आहे, तिचें काम सोपें. पंधरावीस मिनिटें चालवून तेल गरम झाल्यावर गाडी सपाट जागीं उभी करावी, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू व दांडा 'पार्क'वर ठेवून पट्टी काढावी; कांहीं कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन बंद करून पाहावयाचें असतें, सबब पुस्तिका आधीं उघडावी. पट्टी पुसण्यास जुन्या धोतराचा तुकडा घेण्याची आपल्या घरांतील रीत येथें उपयोगी नाहीं. त्याचे तंतु तेलांत जाऊन सुईच्या अग्राएवढ्या झडपांत अडकतात. तेल कमी असलें तर पंप हवा ओढतो, जास्त असलें तर फिरणाऱ्या भागांनीं तें घुसळलें जाऊन फेंस होतो; दोन्ही प्रकारांत दाब पडत नाहीं व क्लच घसरतात.

नव्या गाड्यांत बहुधा अशी पट्टीच नसते. गाडी समपातळींत वर उचलून, इंजिन चालू ठेवून, खालचा एक बोल्ट काढावयाचा, आणि तेथून तेलाची बारीक धार लागून ती थेंबांवर आली कीं पातळी बरोबर, अशी रीत असते. ही परीक्षा तेलाचें उष्णतामान ठराविक मर्यादेंत, पुष्कळ गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, असतांनाच करावयाची असते. थंड देशांत बसून ठरविलेला हा नियम! मे महिन्यांत दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं उभ्या असलेल्या गाडीचें तेल इंजिन सुरू होण्यापूर्वींच त्या मर्यादेच्या वरच्या टोकाशीं येऊन बसलेलें असतें. मग उष्णतेनें फुगलेलें तेल जास्त सांडतें, आणि गिअरबॉक्समध्यें नेमकें कमी राहातें. उन्हाळ्यांत हें काम सकाळीं सातच्या सुमारास, रात्रभर निवलेल्या गाडीवर करून घ्यावें. कारखाना दहाला उघडत असेल, तर गाडी आदल्या सायंकाळीं तेथें ठेवावी व सकाळचें पहिलें काम तेंच घ्यावें असें बजावावें.

पट्टीवरील किंवा बोल्टामधून आलेला एक थेंब पांढऱ्या टीपकागदावर टाकून ठेवावा. चांगलें तेल गुलाबी डाग एकसारखा पसरवितें. मध्यें काळा ठिपका राहून भोंवतीं फिकट कडें उमटलें, तर झिजलेल्या तबकड्यांचे कण त्यांत आहेत. पोळी तव्यावर विसरल्यावर येतो तसा करपट वास आला, तर तेल एकदां तरी फार तापलेलें आहे. निव्वळ रंग तपकिरी झाला एवढ्यावरून मात्र निकाल देऊं नये; आजचीं कांहीं तेलें थोड्याच हजार किलोमीटरांत काळवंडतात व तरीही कामाचीं असतात. एकाच खुणेवर भिस्त ठेवल्यानें काय होतें तें ३० मे २०२४ रोजीं आपण पाहिलें. नागपुरांतील एका स्वयंचलित हवामानमापकानें ५६ अंश दाखविले, बातमी देशभर झाली, आणि मागाहून हवामानखात्यानें सांगितलें कीं मापकांतच दोष होता. डाग, वास आणि रंग यांच्या जोडीस गाडीची वागणूक पाहावी : दांडा 'ड्राइव्ह'वर टाकल्यानंतर क्षणभर कांहींच न होणें, निघतांना अंगांत थरथर येणें, इंजिनाचा आवाज चढूनही गति न वाढणें. तेल बदलतांना तळाचा चेंबर उघडला, तर त्यांतील लोहचुंबक मिस्त्र्यानें धुण्यापूर्वीं आपण स्वतः पाहावा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणें स्वाभाविक आहे. बोटाला टोंचणाऱ्या कपच्या, किंवा चेंबरांत पितळी कण व काळे पापुद्रे आढळले, तर नुसत्या नव्या तेलानें भागणार नाहीं.

परंतु उष्णतेहूनही वाईट वैरी पाणी. २३ सप्टेंबर २०२३ ची पहांट नागपूरकर विसरले नसतील. महालक्ष्म्यांचें पूजन आदल्याच दिवशीं झालें होतें. या सणास घरोघर पाहुणे असतात, आणि फाटकाबाहेर एकीच्या दोन गाड्या उभ्या असतात. रात्रीं कांहीं तासांत १०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला, नाग नदी पात्र सोडून पसरली, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, वर्मा लेआउट, शंकरनगर या वस्त्यांत लोक झोपेंत असतांनाच पाणी घरांत शिरलें. माणसें दगावलीं, त्यापुढें मोटारींचें दुःख तें काय? तथापि पाणी ओसरल्यानंतर मनुष्य स्वभावतः जी पहिली गोष्ट करितो ती किल्ली फिरवून पाहाण्याची, आणि नेमकी तीच गाडीच्या मुळावर येते.

त्याचें कारण असें. गिअरबॉक्सच्या आंत हवेचा दाब वाढूं नये म्हणून त्यास वर एक लहानसें श्वासछिद्र ठेवलेलें असतें. मिस्त्री त्यास ब्रीदर म्हणतात. पाणी त्या उंचीपर्यंत चढलें कीं तेथून आंत उतरूं शकतें. तापलेली गाडी साचलेल्या पाण्यांत घातली, तर पाण्याच्या स्पर्शानें गिअरबॉक्स एकाएकीं थंड होतो, आंतील हवा आंखडते, आणि पाणी चोंखून घेतलें जातें. म्हणून उभ्या गाडीपेक्षां चालत्या गाडीचा धोका थोड्या पाण्यांतही अधिक. आंत शिरलेलें पाणी तेलाहून जड असल्यामुळें गाडी स्थिर असेपर्यंत तें तळाशीं जाऊन बसतें. या अवस्थेंत तळाचा ड्रेन-बोल्ट सैल केला, तर प्रथम गढूळ पाणी व मागाहून तांबडें तेल बाहेर येतें, आणि गिअरबॉक्स पुष्कळदां वांचतो. इंजिन सुरू केलें मात्र, कीं पंप तें पाणी व तेल घुसळून त्यांचें गुलाबी दूध करितो आणि कन्व्हर्टर, झडपा, नळ्या, सगळीकडे पोहोंचवितो. क्लचच्या तबकड्यांवर घर्षणासाठीं कागदासारखें एक अस्तर पोलादावर चिकटविलेलें असतें. तें पाणी शोषतें, फुगतें, त्याचा चिकटपणा सुटतो, आणि कांहीं दिवसांनीं त्याचे पापुद्रे निघूं लागतात. पोलादी तबकड्या गंजतात तो निराळाच प्रकार. गाडी धुऊन, वाळवून, चालूं झाली म्हणून आनंद मानावा, आणि दोन-तीन महिन्यांनीं गिअर घसरूं लागावा, असें होतें तें यामुळें.

सबब पाण्यांत बुडालेली गाडी सुरू करूं नये, किल्ली 'ऑन'वरही फिरवूं नये. पाणी कोणत्या उंचीपर्यंत आलें होतें त्याची खूण दारावर असते, तिचें छायाचित्र घ्यावें. बॅटरीची तार मिस्त्र्याकडून सोडवावी. विमा कंपनीस लगेच कळवावें : पुरानें झालेली हानि सर्वसमावेशक विम्यांत सामान्यतः येते, परंतु बुडालेलें इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नानें झालेली हानि ही मालकाच्या कृतीचा परिणाम समजून कंपन्या बहुधा नाकारतात, इंजिनरक्षणाचें जोडकलम घेतलें असेल तर त्यांतील शब्द वाचून पाहावे. गाडी न्यावयाची ती चारही चाकें वर उचलून, सपाट ट्रकवर. दोर बांधून ओढण्याची आपली पद्धति स्वयंचलित गाडीस चालत नाहीं, कारण गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असतांना चाकें फिरलीं तर आंतील भाग वंगणावांचून घासतात. कारखान्यांत प्रथम इंजिनाचें व गिअरबॉक्सचें तेल काढून पाहावयास सांगावें, आणि तें आपण जातीनें पाहावें. चेंबरमधून एका वेळीं निम्म्याच्या आसपासच तेल निघतें. उरलेलें कन्व्हर्टरमध्यें राहातें. म्हणून पाणी शिरल्याचें ठरलें तर एकदां बदलून भागत नाहीं. तेल भरावें, इंजिन थोडा वेळ चालवावें, काढावें, पुन्हां भरावें, असें तें स्वच्छ येईपर्यंत करावें लागतें.

पाणी थोडें असेल तर डोळ्यांस दिसत नाहीं. त्यासाठीं एक जुनी परीक्षा आहे. स्वयंपाकांतून बाद झालेला एखादा पोलादी चमचा तापवून त्यावर तेलाचा एक थेंब टाकावा. शुद्ध तेल नुसतें धुरकटतें, पाणी असलेलें तेल फोडणींत ओली मोहरी पडावी तसें तडतडतें. हें अंगणांत, चष्मा लावून, व मुलांना दूर ठेवून करावें.

पूर न येतांही पाणी आंत जाण्याचा एक मार्ग घरचाच आहे. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचें तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकींतच बसविलेली असते. एका पातळ भिंतीच्या अलीकडे तेल व पलीकडे कूलंट. ती भिंत फुटली कीं दोन्हीं एक होतात, आणि कूलंटमधील ग्लायकॉल तबकड्यांच्या अस्तरास पाण्याइतकेंच घातक ठरतें. अमेरिकेंत २००५ ते २०१० या वर्षांच्या निस्सान पाथफाइंडर गाड्यांत हा प्रकार इतक्या वेळां घडला कीं मालक न्यायालयांत गेले, व कंपनीनें त्या रेडिएटरच्या हमीची मुदत वाढवून दिली. आपल्याकडे या संकटास आमंत्रण देण्याची रीत वेगळी : रेडिएटर कमी झाला कीं बागेच्या नळीनें बोअरचें पाणी त्यांत सोडावयाचें. तें जड पाणी आंत क्षार धरवितें व धातु खातें. कूलंटच्या पांढऱ्या टाकींत वर तेलाचा तवंग किंवा गुलाबी साय दिसली, तर त्या दिवशीं गाडी पुढें नेऊं नये.

राहिली जुनी गाडी विकत घेणाऱ्यांची गोष्ट. पुरांतून निघालेल्या गाड्या धुवून, नवीं आसनें घालून, अत्तर मारून बाजारांत येतात, आणि तो पूर नागपुरांतलाच असला पाहिजे असेंही नाहीं. आसनाच्या रुळांवरील गंज, सुट्या चाकाच्या खळग्यांतील चिखल, पट्टा पूर्ण ओढल्यावर त्याच्या टोंकाशीं दिसणारी पाण्याची रेघ, हीं चिन्हें आतां पुष्कळांस माहीत झालीं आहेत, आणि विकणारांसही माहीत झालीं आहेत. तीं पुसलीं जातात. गिअरबॉक्सच्या तबकड्या कोणास पुसतां येत नाहींत. तेव्हां स्वयंचलित गाडीचा सौदा ठरविण्यापूर्वीं विकणाराच्या संमतीनें ती आपल्या ओळखीच्या मिस्त्र्याकडे न्यावी, आणि गिअरबॉक्समधून चार चमचे तेल काढून कागदावर व तापल्या चमच्यावर पाहावें. नवें लालभडक तेल निघालें तर तें कधीं व कां बदललें याची पावती मागावी, कारण जुन्या गाडींत अगदीं कोरें तेल हेंही विचारण्यासारखें आहे. या तपासास दोन-चार शें रुपये लागतील. विकणारा तपासास नाहीं म्हणाला, तर इसाऱ्याचे पैसे न देतां दुसरी गाडी पाहावी.